अ‍ॅव्हरेज कोणाचं?

नवीन गाडी घेतली की पेढे हातात पडायच्या आत येणारा पहिला प्रश्न म्हणजे "अ‍ॅव्हरेज किती देते?" रंग, एअरबॅग, डिकी वगैरे सगळं नंतर. मग मालक एक आकडा सांगतो, समोरचा लगेच त्याहून मोठा आकडा सांगतो (त्याच्या मेहुण्याच्या गाडीचा), आणि पेढा खाऊन सगळे आपापल्या घरी जातात.

मला या प्रश्नाची गंमत वाटते ती त्यातल्या क्रियापदामुळे. "देते". म्हणजे गाडी म्हणजे म्हैस. चांगल्या जातीची बघून आणली की झालं, रोज ठराविक लिटर देणारच. आणि गंमत बघा, शब्द मात्र आपण अगदी बरोबर पकडलाय: अ‍ॅव्हरेज. सरासरी. पण कशाची सरासरी? गेल्या पाच-सहाशे किलोमीटरमध्ये तुम्ही जेवढ्या वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, जेवढ्या वेळा ब्रेक मारला आणि जेवढा वेळ सिग्नलला घुर्रर्र करत उभे राहिलात, त्या सगळ्याची ती सरासरी आहे. तो आकडा जितका गाडीचा आहे तितकाच तुमचाही आहे. माझं मत विचाराल तर शहरात तो तुमचाच जास्त आहे.

"मग कंपनी २२ सांगते आणि मिळतात १४, हे कसं काय? फसवणूकच की!" असं कोणीतरी म्हणणारच. फसवणूक नाही हो. ब्रोशरमधला आकडा येतो तो सरकारमान्य चाचणीतून. आपल्या पुण्यातली एआरएआय (जिच्या नावाने आपण टेकडीवर फिरायला जातो तीच) अशा चाचण्या करते. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात: या सेकंदाला एवढा वेग, त्या सेकंदाला तेवढा. सगळा खेळ सुमारे २० मिनिटांचा, त्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. वेग वाढवायचा तोही अगदी हळूवार. एसी बंद ठेवूनच ही चाचणी होत आलेली आहे. रोलरवर खड्डा नसतो, उलट्या दिशेने येणारा डिलिव्हरीवाला नसतो आणि वाकडचा पूल तर नसतोच नसतो. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला आहे. प्रोग्रामिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर तो बेंचमार्क आहे, आणि बेंचमार्कवर पळालेला कोड प्रॉडक्शनमध्ये काय दिवे लावतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको :-)

या विषयात मी पडलो तो आमच्या कारपूलमुळे. कोथरूड ते हिंजवडी, चौघं जण, आळीपाळीने गाड्या. त्यातल्या दोघांच्या गाड्या अगदी एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या. रस्ता एक, वेळ एक, माणसं तीच. तरी एकाला कसेबसे १३ पडायचे आणि दुसऱ्याला १६-१७. दोघंही टाकी फुल ते टाकी फुल असाच हिशोब करणारे, म्हणजे डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबलेले नव्हते (तो आकडा बहुतेक वेळा जरा आशावादी असतो). तेरावाला म्हणायचा, माझं इंजिनच खराब निघालं. मग एक महिना त्यांनी गाड्यांची अदलाबदल केली. काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तेरा त्याच्याबरोबर नव्या गाडीत गेले.

आता दोन ड्रायव्हर आणि दोन गाड्या म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मला मान्य आहे. पण अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वाहनचालकांसाठी दिलेल्या माहितीत हेच मोठ्या प्रमाणावर सांगितलंय. आक्रमक ड्रायव्हिंगने, म्हणजे जोरात वेग घेणं, जोरात ब्रेक मारणं, अशाने हायवेवर साधारण १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये १० ते ४० टक्के मायलेज घटतं. आमच्या तेरा आणि सतरावाल्यांतला फरक या पट्ट्यात आरामात बसतो.

मी दोघांच्याही शेजारी बसलेलो असल्याने फरक कशात आहे ते डोळ्यांनी बघत होतो. वेगात नव्हता. दोघंही ऑफिसला एकाच वेळी पोचायचे. फरक होता तो ब्रेकमध्ये. तेरावाला पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघून चालवायचा. सतरावाला त्या गाडीच्या काचेतून पलीकडे, तीन गाड्या पुढे काय चाललंय ते बघायचा. पुढे लाल दिवे लागलेले दिसले की त्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठायचा आणि गाडी आपसूक हळू होत जायची. तेरावाला मात्र शेवटच्या क्षणापर्यंत रेटायचा आणि मग कचकन ब्रेक. मागे बसून मोबाइल वाचणाऱ्याला उलटी यायची ती वेगळीच.

इथे थोडी आकडेमोड करू. घाबरू नका, अकरावीच्या फिजिक्सपलीकडे जात नाही. माणसांसकट ११०० किलोची गाडी ताशी ६० ने चाललीय. तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा (½ गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) होते जवळपास दीड लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये असतात साधारण ३२० लाख ज्यूल, पण इंजिन त्यातला ढोबळमानाने चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून हवेत. म्हणजे कामाचे ८० लाख. भागाकार करा: ६० चा वेग कमवायला सुमारे १९ मिलिलिटर पेट्रोल लागलं. आता ब्रेक दाबून गाडी उभी करा. ते १९ मिली ब्रेकच्या चकतीत गरम होऊन गेले. हिशोबाला सोपं म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरलं, तर एक ब्रेक म्हणजे जवळजवळ दोन रुपये. वेगाचा वर्ग असल्याने ताशी ८० वरून उभं राहिलात तर साडेतीन रुपयांच्या आसपास, आणि ४० वरून थांबलात तर पाऊण रुपयाच्या थोडं वर.

कोथरूड ते हिंजवडी या रस्त्यावर ४० वरून शून्यावर असे ४० ब्रेक सहज होतात. एका फेरीचे ३४० मिली. हे सगळे काही वाचवता येत नाहीत, सिग्नल लाल आहे तर थांबायलाच हवं. पण निम्मे तरी ब्रेक असे असतात की पाय जरा आधी उचलला असता तर लागलेच नसते. जाऊन-येऊन धरले तर दिवसाला पुन्हा तेच ३४० मिली. महिन्याचे २२ दिवस पकडा आणि गुणाकार तुम्हीच करा, सगळंच मी कशाला करू?

थोडक्यात काय, पेट्रोल अ‍ॅक्सिलरेटरने खर्च होतं पण वाया जातं ब्रेकने. आपलं सगळं लक्ष मात्र पहिल्या पेडलवर असतं.

यावर मला नेहमी ऐकावं लागणारं वाक्य: "हे सगळं जर्मनीत ठीक आहे. पुण्यात पुढे अंतर ठेवलं की रिक्षा घुसते." घुसते! नक्की घुसते. पण रिक्षा घुसल्याने नेमकं किती नुकसान होतं याचा विचार कोणी केलाय? समजा, पूर्ण प्रवासात तुमच्यापुढे दहा वाहनं घुसली. प्रत्येकाने अंतरासकट आठ मीटर खाल्ले. झाले ८० मीटर. ताशी ३० च्या वेगाने ८० मीटर जायला लागतात साधारण १० सेकंद. तासाभराच्या प्रवासात १० सेकंद! लिफ्टची वाट बघण्यात आपण याहून जास्त घालवतो. अडचण वेळेची नाहीच मुळी, अपमानाची आहे. "तो माझ्यापुढे गेला" हे आपल्याला सहन होत नाही आणि त्या अपमानाचं बिल पेट्रोल पंपावर येतं.

याचा अर्थ बैलगाडीसारखं चालवायचं असाही नाही. हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. काही मंडळी मायलेजच्या नावाखाली दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा किलोमीटर रांगत राहतात. पेट्रोल इंजिनाला थ्रॉटल अगदी थोडा उघडा असताना हवा ओढायलाच बरीच मेहनत पडते, नाक दाबून पळल्यासारखं. त्यापेक्षा बऱ्यापैकी वेग घेऊन लवकर वरच्या गिअरमध्ये गेलेलं बरं. इंजिन कमी फेऱ्यांत, मोकळ्या श्वासाने काम करतं. मात्र ताशी ३० वर पाचवा टाकून गाडी थरथरवू नका, तिला ते आवडत नाही आणि इंजिनाला तर नाहीच नाही.

एक्स्प्रेसवेवर ब्रेकचा हिशोब मागे पडतो आणि वाऱ्याचा सुरू होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलात तर दर किलोमीटरला वाऱ्याशी ५६ टक्के जास्त झगडावं लागतं, १२० ने गेलात तर सव्वादोनपट. (पेट्रोल अगदी तेवढ्या पटीत वाढत नाही, कारण टायरचं घर्षण वगैरे साधारण तसंच राहतं.) पूर्ण ९४.५ किलोमीटर सलग ८० ने गेलात तर ७१ मिनिटं, १०० ने ५७. चौदा मिनिटांसाठी किती जाळायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, मी काही ८० चा प्रचारक नाही. पण १२० ने मला ओव्हरटेक करून गेलेला उर्से टोलनाक्याच्या रांगेत माझ्या दोन गाड्या पुढे उभा दिसला की मला जो आसुरी आनंद होतो, तो लपवणार नाही.

आणि हो, कोणी "पुणे-मुंबई २४ पडले" असं सांगितलं की एवढंच विचारा, जाताना की येताना? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. जाताना तेवढं खाली उतरता, येताना तेवढं चढता. खोपोली ते लोणावळा हा चढ एकटाच साडेपाचशे मीटरच्या आसपास. वरच्याच हिशोबाने ११०० किलोची गाडी घाटावर चढवायला पाऊण लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं. फुशारकी मारणारे सगळे नेहमी जातानाचा आकडा सांगतात.

घाटावरून आता खऱ्या मुद्द्यावर येतो. इथे माझं मत ठाम आहे आणि मी ते जरा चढ्या आवाजात मांडणार आहे.

माझे एक मामा आहेत. प्रीमियर पद्मिनीपासून गाडी चालवतायत. माझ्याहून कितीतरी चांगली चालवतात. लोणावळा सोडलं आणि उतार लागला की त्यांचा हात सवयीने गिअरवर जातो आणि गाडी न्यूट्रल. "अरे, देवाने उतार दिलाय, कशाला पेट्रोल जाळतोस?" असं वर मलाच विचारतात. मामांच्या काळात यात थोडं तथ्य होतंही. कार्ब्युरेटरला गाडी उतारावर आहे की चढावर, काही कळत नाही. इंजिन फिरतंय, हवा ओढतंय, की पेट्रोल आत जाणारच. गिअरमध्ये इंजिन जास्त फिरणार, म्हणून जास्त जाणार. न्यूट्रल केलं की आयडलिंगपुरतं. हिशोब बरोबर होता.

पण इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि हिशोब उलटा झाला. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झाल्यावर तर जवळजवळ सगळ्या बाइकही इंजेक्शनच्याच येतात. यात एक कॉम्प्युटर असतो. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही, इंजिनाच्या फेऱ्या ठराविक मर्यादेच्या वर आहेत, असं दिसलं की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. कमी नाही, बंद. शून्य. इंजिन फिरत असतं ते चाकांनी फिरवलं म्हणून. उलट न्यूट्रलमध्ये चाकांचा इंजिनाशी संबंधच तुटतो, मग बिचाऱ्याला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल प्यावंच लागतं, मिनिटाला साधारण १० मिली. म्हणजे पंधरा मिनिटांच्या घाटात मामा वाचवत काहीच नव्हते, दीडशे मिली जास्तीचं जाळत होते.

(कोणी चाणाक्ष वाचक म्हणेल की अगदी सौम्य उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी फार हळू होते आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे न्यूट्रलने थेंबभर वाचतं. बरोबर आहे. पण बोरघाट म्हणजे सौम्य उतार नव्हे.)

पंधरा रुपयांचं सोडा. चढताना ते जे पाऊण लिटर खर्च झालं, त्याचं काम कुठे गेलं? गाडीच्या उंचीत साठलं. उतरताना ते कुठेतरी बाहेर पडणारच. वारा आणि टायर थोडं घेतात. गिअरमध्ये असाल तर बरंचसं इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये असाल तर उरलेलं सगळं ब्रेकला घ्यावं लागतं, आणि ते दहा लिटर पाणी उकळायला पुरेल इतकं असतं. ब्रेक तापतात, मग पकड कमी होते, फ्लुइड उकळलं तर पेडल सरळ खाली जातं. इंजिनच बंद केलं असेल तर आणखी वाईट. कारच्या ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची शक्ती दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग दगडासारखं होतं. ट्रकच्या एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही इंजिनावरच चालतो.

कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली, बरेच जण जखमी झाले. सुरुवातीला सगळे "ब्रेक फेल" म्हणाले. नंतर तपासात पुढे आलं ते असं की डिझेल वाचवायला ट्रक उतारावर मोकळा सोडला होता. ब्रेक फेल हा शब्द मला म्हणूनच पटत नाही. त्यात ब्रेकचा काय दोष? त्याच्यावर चार माणसांचं काम एकट्याने करायची वेळ आणली होती.

आणि त्या ट्रक ड्रायव्हरला नुसत्या शिव्या देऊनही भागत नाही. डिझेल कोणाच्या खिशातून जातं, फेरीमागे किती लिटर "मंजूर" असतात, वाचलेलं कोणाला मिळतं, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. आपल्या एसी ऑफिसात आपण ऑनलाइन मागवलेली वस्तू स्वस्तात उद्याच हवी म्हणतो, त्या साखळीच्या टोकाला तो बसलेला असतो. त्याला कोणी हे समजावून सांगितलेलं नसतं, की आता ज्या इंजिनावर तो बसलाय त्यात उतारावर गिअर ठेवला तरी डिझेल बंदच असतं. माझे इंजिनिअर मित्र हे मानायला तयार होत नाहीत, तिथे त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

बाकी किरकोळ गोष्टी तुम्हाला माहीतच असतील. सिग्नलला मिनिटभर उभं राहायचं असेल तर इंजिन बंद करा. दिल्लीत २०२० मध्ये यासाठी सरकारी मोहीमही निघाली होती. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, गाडी फार पळवायच्या आधी, टायर थंड असताना बघा. डिकीतलं सामान काढा, विशेषतः गेल्या वर्षी ट्रेकला नेलेलं ते. एसीबद्दल मी कोणाला काही सांगत नाही, एप्रिलमध्ये हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काचा उघड्या ठेवून देशाचं इंधन वाचवण्याइतका मी थोर नाही.

मामांचं पुढे काय झालं? मी हे सगळं त्यांना तोंडी समजावलं तेव्हा त्यांनी "हं" केलं. मग डॅशबोर्डवरचा त्या क्षणाचं मायलेज दाखवणारा पट्टा चालू करून दिला आणि म्हटलं, "मामा, आता गिअरमध्येच ठेवा आणि नुसतं इकडे बघा." पट्टा टोकाला जाऊन चिकटला. म्हणाले, "आता न्यूट्रल करून बघू?" म्हटलं, घाटात नको, खाली सपाटीवर बघू. सपाटीवर बघितलं, पट्टा मागे आला. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे लायसन देताना का शिकवत नाहीत रे?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. माझ्या लायसनच्या वेळी मला आठचा आकडा काढायला लावला होता, गाडी रिव्हर्स घ्यायला लावली होती आणि दहा-बारा पाट्यांची चित्रं ओळखायला लावली होती. घाट कुठल्या गिअरमध्ये उतरायचा, हे एकानेही विचारलं नव्हतं. सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या शहरात, जिथून मुंबईला जा, कोकणात जा किंवा साताऱ्याला, घाट चुकत नाही, तिथे निदान हा एक प्रश्न त्या परीक्षेत असायला हवा असं मला वाटतं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी तर परीक्षेची वाटही बघायची गरज नाही. दहा दिवसांच्या क्लासमधला एक दिवस विद्यार्थ्याला कात्रजला न्यावं आणि तिसऱ्या गिअरमध्ये खाली आणावं, बस.